घरावरून वीजवाहिनी जात असेल तर मोबदल्याचा दावा कसा करावा

करवीर किंवा हातकणंगले तालुक्यात घरालगतच्या जागेत अतिउच्चदाब वाहिनीचा टॉवर उभा राहत असेल, किंवा तारा अंगणावरून जात असतील, तर जमिनीची मालकी आपलीच राहते आणि नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क भारतीय तार अधिनियम, 1885 च्या कलम 10 नुसार मिळतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालील जागेसाठी जमीनमूल्याच्या 200 टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी 30 टक्के मोबदला सुचवला आहे. मात्र या सूचना 66 केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे विजेच्या दाबाचे माप) व त्यावरील पारेषण वाहिन्यांपुरत्या आहेत, गल्लीतल्या साध्या खांबांना लागू होत नाहीत. म्हणून प्रथम वाहिनी किती केव्हीची आहे हे लेखी विचारून घ्यावे आणि राज्याचा त्या वेळी लागू असलेला शासन निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळवावा.

खरी चूक पंचनाम्याच्या वेळी होते, आणि ती पुढे भरून काढणे फार कठीण जाते. काम सुरू होण्यापूर्वीच घर, विहीर, नारळ-आंब्याची झाडे व उभा ऊस यांची तारखेसह छायाचित्रे काढावीत, पंचनाम्यात प्रत्येक नोंद वाचूनच सही करावी आणि त्याची प्रत त्याच दिवशी मागावी. कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नये. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर वडिलांचेच नाव राहिले असल्यास वारसनोंद आधी करून घ्यावी, अन्यथा रक्कम अडकते.

रक्कम अपुरी वाटल्यास तार अधिनियमाच्याच कलम 16 नुसार जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.