वार्षिक फीचं क्रेडिट कार्ड ठेवायचं की बंद करायचं?

पहिल्या वर्षी फी माफ आहे म्हणून घेतलेल्या कार्डाची फी दुसऱ्या वर्षी बिलात येतेच, आणि बहुतेक जण चडफडत ती भरून टाकतात. फी लागण्याच्या महिनाभर आधी अर्धा तास काढून बसलात, तर हा प्रश्न नीट सुटतो.

१. फीचा महिना आणि खरी रक्कम शोधा

गेल्या वर्षीची बिलं उघडा. ‘ॲन्युअल फी’ किंवा ‘रिन्युअल फी’ अशी ओळ सापडेल आणि जीएसटीची ओळ वेगळी असेल. जीएसटी १८ टक्के. म्हणजे ४९९ ची फी ५८८.८२ रुपयांना पडते, ९९९ ची १,१७८.८२ ला आणि २,५०० ची २,९५० ला. हिशोब याच आकड्यावर करायचा.

२. माफीची अट वाचा

वर्षभरात ठरावीक खर्च केला की फी माफ, अशी अट बऱ्याच कार्डांना असते. हे वर्ष बहुधा कार्ड मिळालं त्या महिन्यापासून मोजतात, जानेवारी किंवा एप्रिलपासून नाही. शिवाय घरभाडं, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, पेट्रोल असे खर्च अनेक बँका त्यात धरत नाहीत. थोडेच पैसे कमी पडत असतील आणि विम्याचा हप्ता किंवा मुलांची फी तोंडावर असेल, तर ती मोजली जाते का हे पाहून त्याच कार्डावर भरा. पण हजाराची फी वाचवायला पंधरा हजारांची नको असलेली वस्तू घेऊ नका. कार्डांच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसा इथेच वाया जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

३. तुलना मोफत कार्डाशी करा

‘मला वर्षाला दोन हजारांचे पॉइंट मिळाले, फी हजारच होती’ हा हिशोब अपुरा आहे. तेवढाच खर्च फी नसलेल्या कार्डावर केला असता तरी काही परतावा मिळालाच असता. ॲमेझॉन पे आयसीआयसीआयसारखी आजीवन मोफत कार्डं बाजारात आहेत.

समजा, तुमचं कार्ड २ टक्के परत देतं आणि मोफत कार्ड १ टक्का. फायदा उरला फक्त एका टक्क्याचा. ९९९ ची फी जीएसटीसह वसूल व्हायला वर्षाला १,१७,८८२ रुपये खर्च व्हायला हवा. तुमचा खर्च ८० हजार असेल, तर मिळाले ८०० आणि गेले १,१७९. कार्ड महागात पडतंय.

व्हाउचर आणि विमानतळावरचं लाउंज यांची किंमत तुम्ही खरोखर वापरता तेवढीच धरा. वर्षातून एकदा पुणे-दिल्ली करणाऱ्याला आठ लाउंज भेटींचा उपयोग नाही. हल्ली लाउंजसाठी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अटही अनेक कार्डांना लागली आहे.

बिल पूर्ण न भरता ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कमच भरत असाल, तर हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. त्यापुढे कुठलेच पॉइंट टिकत नाहीत. आधी थकबाकी संपवा.

४. बँकेला विचारा

कस्टमर केअरला फोन करून सरळ सांगा: ‘फी माफ होत नसेल तर मी कार्ड बंद करतोय, किंवा मला फी नसलेलं कार्ड बदलून द्या.’ पुष्कळदा यातलं एक काहीतरी मान्य होतं. मात्र माफीच्या बदल्यात नवा खर्चाचा टप्पा गळ्यात मारला असेल, तर दुसऱ्या पायरीवरचा निकष लावा.

५. क्रेडिट स्कोअर बघा

क्रेडिट स्कोअर म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो तुमच्या पतीचा आकडा. कार्डांच्या एकूण मर्यादेतली किती टक्के वापरता, यावरही तो ठरतो. एका कार्डाची मर्यादा एक लाख, दुसऱ्याची दोन लाख, आणि महिन्याचा खर्च ६० हजार: वापर २० टक्के. दोन लाखांचं कार्ड बंद केलंत की तोच वापर ६० टक्के होतो. तो ३० टक्क्यांच्या आत ठेवणं बरं. म्हणून आधी उरणाऱ्या कार्डाची मर्यादा वाढवून घ्या. येत्या काही महिन्यांत गृहकर्ज घ्यायचं असेल, तर एका वर्षाची फी भरून कार्ड राहू द्या. सर्वांत जुनं कार्ड शक्यतो शेवटी बंद करा.

६. बंद करताना

पॉइंट आधी वापरा, बंद झाल्यावर ते बहुधा जातात. वीजबिल, ओटीटी, फास्टॅग यांचे आपोआप कटणारे पैसे दुसरीकडे वळवा. चालू ईएमआय असेल तर उरलेली रक्कम एकदम भरावी लागू शकते. घरच्यांची ॲड-ऑन कार्डंही सोबतच बंद होतात.

सगळं बिल भरून मग विनंती ॲप किंवा ईमेलवरून करा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. उशीर झाला तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. बँकेने तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. बंद केल्याचं पत्र जपून ठेवा आणि दोनेक महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे कर्जांची आणि कार्डांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा अहवाल काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. त्यात खातं ‘क्लोज्ड’ दिसलं पाहिजे.