टॅबलेटवरून कॅमेरा चालवायचा असेल तर आदल्या रात्रीची तयारी

उन्हाळ्यात नाले आटले की शेतातल्या आखाड्यावरच्या गुरांच्या हौदावर सातभाई, बुलबुल आणि होले हे पक्षी सकाळपासून येऊ लागतात. लहान लेन्सने त्यांचे अगदी जवळून फोटो घ्यायचे असतील, तर कॅमेरा हौदाच्या कडेला ठेवून आपण अँड्रॉइड टॅबलेट घेऊन टिनाच्या शेडमध्ये बसावे, हे उत्तम. कॅमेरा, कार्ड, ट्रायपॉड यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. केबलविषयी मात्र आहे.

केबल डेटाची असावी, नुसत्या चार्जिंगची नव्हे. स्वस्त चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींमध्ये फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात आणि बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. चार्जिंगची केबल लावली तर समोर कॅमेरा आहे याचा टॅबलेटला पत्ताच लागत नाही. आपण मात्र कॅमेरा चालवायचे अॅप काढून पुन्हा टाकतो, परवानग्या तपासतो, कॅमेऱ्याचा मेनू उलटापालटा करतो, आणि तोवर ऊन चढून पक्षी निंबाच्या सावलीला गेलेले असतात. जुन्या मायक्रो यूएसबीच्या टॅबलेटला शिवाय ओटीजी जोडही (टॅबलेटला दुसरे उपकरण लावायचा छोटा जोड) लागतो, कारण कॅमेरा आपल्याला चालवायचा आहे हे टॅबलेटला त्या जोडातल्या एका पिनवरूनच कळते. कॅमेऱ्याच्या बाजूचे तोंड मिनी आहे, मायक्रो आहे की टाइप-सी, हेही डोळ्यांनी पाहावे. आठवणीवर जाऊ नये.

म्हणून आदल्या रात्री तीच केबल, तोच जोड आणि तोच टॅबलेट लावून एक फोटो टॅबलेटवरून काढून पाहावा. फोटो निघाला की त्या केबलीला लाल दोरा बांधून ती थेट कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकावी, नाहीतर घरातले कोणीतरी ती मोबाइलला लावते आणि सकाळी घाईत भलतीच उचलली जाते. सोबत दुसरी डेटाची केबल घ्यावी, आणि तीही तपासलेली असावी.

यूएसबी 2.0 ची साधी केबल 5 मीटरपर्यंतच भरवशाची असते. त्याहून लांब बसायचे असल्यास सिग्नल वाढवणारी एक्स्टेन्शन केबल घ्यावी. साध्या केबलींना केबली जोडत जाऊ नये. वायफायचा पर्याय आहे, परंतु त्यासाठी कंपनीचे अॅप आधीच उतरवून जोडणी करून ठेवावी लागते, कारण आखाड्यावर रेंजचा भरवसा नसतो. कॅमेऱ्याच्या वायफायला इंटरनेट नाही असे दिसताच टॅबलेट मोबाइल डेटाकडे वळू शकतो, त्यामुळे डेटा बंद ठेवावा. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत वायफाय चालू असताना यूएसबी चालत नाही, आणि सोनीच्या कॅमेऱ्यात यूएसबी जोडणी ‘पीसी रिमोट’वर ठेवावी लागते. केबल लावताच टॅबलेट परवानगी विचारतो, तेव्हा गॅलरी न निवडता आपलेच अॅप निवडावे.

कॅमेऱ्याचा ऑटो पॉवर ऑफ बंद करावा, बीप बंद करावा आणि डायल एम (मॅन्युअल) वर ठेवावा. रॉ फाइली (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइली) कार्डवरच राहू द्याव्यात आणि टॅबलेटवर लहान जेपीईजी तेवढी घ्यावी, अन्यथा प्रत्येक फोटोनंतर वाट पाहत बसावे लागते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर सतत दिसणारे कॅमेऱ्यातले दृश्य, बॅटरी भराभर खातो, म्हणून दोन बॅटऱ्या भरून घ्याव्यात. टॅबलेटही पूर्ण भरलेला असावा, कारण त्याचे एकुलते तोंड कॅमेऱ्याने अडवलेले असते. दिवे रात्री जाणारच, तेव्हा चार्जिंग संध्याकाळीच उरकावे.

मे महिन्यात टिनाखाली टॅबलेट तापतो आणि स्क्रीन मंद होते किंवा तो बंदच पडतो. ओले फडके जवळ ठेवावे, परंतु टॅबलेटवर टाकू नये. कॅमेऱ्यावर मातकट कापड. घरट्यासमोर कॅमेरा लावायचाच नाही.

पिशवी बंद करण्याआधी लाल दोरा पाहावा. शेतावर पोचल्यावर केबल लावून पुन्हा एक फोटो, मगच ट्रायपॉड हौदाकडे न्यावा. गुरे पाण्यावर यायच्या आत सगळे उचलावे. फोटो कार्डवर आहेत ना, ते पाहून कॅमेरा बंद करावा.