बी पेरून तुती

तुतीची फांदी पावसाच्या तोंडाला मातीत खोचली तरी लागते. मग बी पेरायची उठाठेव कशाला? लवकर फळ हवं असेल तर खरंच करू नका. फांदीचं झाड वर्ष-दोन वर्षांत धरतं. बियांचं झाड चार-पाच वर्षं तरी घेतं, कधी त्याहूनही जास्त. त्यात तुतीची नर-मादी झाडं बहुधा वेगळी, आणि आईचे गुण लेकीत उतरतीलच असं नाही. म्हणून तर म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेची व्ही-१ ही जात शेतकरी फांद्या लावूनच वाढवतात. बी पेरायचं ते कलमाला खुंट, म्हणजे ज्यावर दुसरी फांदी बांधायची ते मुळाचं रोप हवं म्हणून, नाहीतर माझ्यासारखी निव्वळ हौस म्हणून.

माझं झाड गोव्यात, डिचोलीला, घरामागच्या भाटात, म्हणजे बागायतीत आहे. फळं उन्हाळ्यात पिकतात. काळी झालेली, बोट लावताच हातात येणारीच घ्या. लाल फळातलं बी कच्चं असतं. बुलबुल माझ्याआधी पोचतात म्हणून एका फांदीला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवते.

फळं वाडग्यात कुस्करा, पाणी घालून रात्रभर ठेवा. सकाळी हाताने चोळलंत की गर आणि पोचट बी वर तरंगतं, ते अलगद ओतून टाका. तीन-चार पाण्यांनंतर तळाशी उरतं ते भरलेलं बी, तिळाहून बारीक आणि पिवळट. सुती फडक्यावर पसरून सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. आमच्या दमट हवेत पुडी बांधून ठेवलेल्या बियांचा भरवसा नाही. थंड मुलखातून आणलेलं सुकं बी असेल तर मात्र ते ओल्या रेतीत कालवून दोनेक महिने फ्रीजमध्ये ठेवतात, मग पेरतात. घरच्या ताज्या बियांना हे सोपस्कार नकोत.

नुसती तांबडी माती वापरू नका, सुकली की चिऱ्यासारखी घट्ट होते. चाळलेली माती, रेती आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागांनी मिसळा. पसरट कुंडीत भरून वर बी भुरभुरा आणि जेमतेम झाकेल इतकीच माती टाका. खोल गेलं तर उगवत नाही. वरून पाणी ओतलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात गोळा होतं. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, वरची माती ओली दिसली की उचला. मुंग्या बी पळवतात, म्हणून परातीत विटा मांडून कुंडी त्यांवर ठेवायची, खाली बोटभर पाणी.

आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतात. आधी बियातलीच दोन गुळगुळीत दळं, मग कातरलेल्या कडांची खरी पानं. पुढे एखादं पान खोल चिरलेलं, शेजारचं साधं, असं एकाच रोपावर दिसेल. तो रोग नव्हे, तुतीची रीतच तशी.

एप्रिलमध्ये पेरायचं ते यासाठीच, की मृग लागेपर्यंत रोपांना चार-पाच पानं यावीत. त्याहून कोवळ्या रोपांना आमचा पाऊस झेपत नाही. आदल्या संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं: पानं हिरवीगार, पण मातीलगतचा देठ पाणथळ आणि दोऱ्याएवढा झालेला. ही बुरशी. ते रोप आजूबाजूच्या मातीसकट चमच्याने उचलून फेका, पाणी तोडा, बाकीची विरळ करा. कुंडी पागोळ्यांखाली नको. सोप्याच्या कडेला, सकाळचं ऊन मिळेल अशी ठेवा. पाऊस सुरू झाला की गोगलगायी येतात, त्या रात्री विजेरी घेऊन वेचायच्या.

चार-पाच पानांची रोपं पिशव्यांत हलवा आणि जमिनीत पुढच्या जूनला लावा. घाई असलेले चतुर्थीनंतरच लावतात आणि मग अख्खा उन्हाळा पाण्याची बादली घेऊन फिरतात. दीड-दोन फुटांचा खड्डा, दोन झाडांत पंधरा फूट अंतर. कपडे वाळत घालता त्या दोरीपासून लांब. जांभळा डाग जात नाही.

फुलं येऊन नर निघालं तर तोडू नका. चांगल्या झाडाची पेन्सिलीएवढी फांदी आणून त्यावर पाचर कलम बांधा, म्हणजे फांदीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवून बांधा, मूळ तर आयतं तयारच आहे.