पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला तर

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. निमित्त होतं मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा. मूल परत आणून सोडल्याचा शेवटच कापलेला!

म्हणून आधी व्हॉट्सॲपवर मेसेजच्या वरचे दोन बाण पाहा: ते दिसले तर मेसेज किमान पाच हातांतून फिरून आलाय. मग व्हिडिओ थांबवा. दुकानाची पाटी, गाडीची नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असे दोन-तीन स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारं गूगलचं साधन) टाका. धूसर फ्रेमवर शोध फसतो. तेच दृश्य आधी कुठे आलंय त्याची सर्वांत जुनी तारीख गाठा. गावाचं नाव दिलं असेल तर तिथल्या पोलीस ठाण्यात विचारा. खोटं निघालं तर नुसतं डिलीट करू नका, त्याच ग्रुपवर पुराव्यासकट लिहा.