कार डिझाइन शिकायचंय? आधी बेर्तोने समजून घ्या

कार डिझाइन शिकायला इटलीला जायचं म्हणणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: स्केचिंग किती चांगलं लागतं? चांगलं लागतंच. मी मेकॅनिकल इंजिनीअरिंग करून इटलीतल्या तोरिनोला (ट्युरिन) मास्टर्स केलं, आता पुण्यात क्लास-ए सरफेसिंगचं, म्हणजे गाडीचे बाहेरून दिसणारे पृष्ठभाग कॉम्प्युटरवर निर्दोष करण्याचं काम करते. या सगळ्यात मला सर्वांत जास्त कामी आलं ते एका कंपनीचा इतिहास मुळापासून वाचणं. ती कंपनी म्हणजे तोरिनोची बेर्तोने, गाड्यांच्या बॉड्या डिझाइन करून बांधणारी.

पिनिनफारिना या तशाच इटालियन डिझाइन कंपनीचं नाव फेरारीमुळे सगळ्यांना माहीत असतं, महिंद्रांनी ती घेतल्यापासून आपल्याकडे तर जास्तच. बेर्तोनेकडे फारसं कुणी वळत नाही. खरं तर नवख्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करावी, कारण तिचा जन्म, भरभराट आणि शेवट असं सगळंच समोर आहे. चित्र, पत्रा आणि पैसा यांचा एकमेकांशी काय संबंध असतो ते तिथे उघड दिसतं.

इटलीतल्या या कंपन्यांना 'कारोत्सेरिया' म्हणतात. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये कंपनीकडून आलेल्या चॅसीवर, म्हणजे चाकं-इंजिनासह सांगाड्यावर, बसची बॉडी बांधतात ना, तसाच हा धंदा. जोव्हान्नी बेर्तोने हा मुळात चाकं बनवणारा कारागीर. त्याने 1912 मध्ये तोरिनोत वर्कशॉप काढलं ते घोडागाड्यांच्या कामासाठी. पुढे मोटारी आल्या, मग तो मोटारींच्या बॉड्या बांधू लागला. त्याचा मुलगा नुच्चो 1914 चा. दुसऱ्या महायुद्धानंतर कारभार नुच्चोच्या हाती आला, आणि नेमका तेव्हाच धंद्याचा पायाच सरकायला लागला. चॅसी वेगळी आणि बॉडी वेगळी ही पद्धत जाऊन मोनोकॉक बांधणी आली, म्हणजे बॉडी हाच गाडीचा सांगाडा. बॉडी कंपनीच्याच प्रेसमधून निघणार असेल तर कारोत्सेरियाने बांधायचं काय? त्या काळात तोरिनोतली कित्येक वर्कशॉप बंद पडली.

नुच्चोने यातून दोनदा वाट काढली. 1952 च्या तोरिनो मोटर शोमध्ये त्याने ब्रिटिश एमजीच्या चॅसीवर बांधलेल्या दोन गाड्या मांडल्या होत्या. शिकागोचा व्यापारी स्टॅन्ली आर्नोल्ट आला, त्याने त्या पाहिल्या आणि अमेरिकेत विकण्यासाठी तशा आणखी बांधायची ऑर्डर देऊन टाकली. अशा सुमारे 100 गाड्या झाल्या. कंपनीला श्वास घेता आला.

दुसरी वाट खरी मोठी. अल्फा रोमेओ या इटालियन मोटार कंपनीला जुलिएत्ता ही नवी गाडी आणायची होती. पैसे उभे करायला रोखे काढले होते आणि रोखेधारकांना सोडतीत गाड्या द्यायचं कबूल केलं होतं. सेडान काही वेळेत तयार होईना. मग आधी छोटी कूपे, म्हणजे दोन दारांची स्पोर्टी गाडी, आणायची ठरलं आणि ते काम बेर्तोनेकडे आलं. 1954 च्या तोरिनो शोमध्ये जुलिएत्ता स्प्रिंट आली. थोड्याच गाड्या बांधायच्या असा मूळ अंदाज होता. मागणी इतकी आली की या मालिकेच्या 25,000 हून जास्त गाड्या झाल्या. हातोडीने पत्रा घडवणारं वर्कशॉप काही वर्षांत प्रेसलाइन, म्हणजे पत्रा दाबून घडवणाऱ्या यंत्रांची रांग, असलेला कारखाना झालं आणि शहराबाहेर ग्रुल्यास्कोला गेलं. मला विचाराल तर बेर्तोनेच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गाडी हीच, पुढे आलेली लॅम्बोर्गिनी मिउरा नव्हे. पोस्टर मिउराचंच लागतं, तो भाग वेगळा.

याच काळात डिझायनर फ्रांको स्काल्योने तिथे 'बॅट' या प्रायोगिक गाड्यांची मालिका करत होता: बॅट 5, 7 आणि 9, अनुक्रमे 1953, 1954 आणि 1955 साली. तिन्ही अल्फा 1900 च्या चॅसीवर. मागचे पंख आत वळलेले, चाकं झाकलेली. बॅट 7 चा हवेचा रोध, म्हणजे सीडी, 0.19 सांगतात. आजच्या उत्तम इलेक्ट्रिक सेडान 0.20 च्या आसपास आहेत! कॉम्प्युटर नसताना हे झालं. एरोडायनॅमिक्सचा तास सुरू होण्याआधी या तीन गाड्यांचे साइड व्ह्यू स्वतःच्या हाताने काढा. पंख कुठे सुरू होतो, कुठे वळतो, हे काढताना जितकं कळतं तितकं फोटो पाहून कळत नाही.

नुच्चोचं खरं कसब माणूस ओळखण्यात होतं. 1959 च्या अखेरीस त्याने फिआटच्या स्टाइल विभागातून जोर्जेत्तो जुजारोला आणलं. वय 21. पुढे जुजारो सैन्यातली सक्तीची नोकरी करत असतानाही बेर्तोनेसाठी चित्रं काढत राहिला. 1963 ची अल्फा जुलिया स्प्रिंट जीटी त्याचीच. 1965 मध्ये तो सोडून गेला आणि मार्चेल्लो गांदिनी आला. दोघांचा जन्म एकाच महिन्यातला, ऑगस्ट 1938. नोव्हेंबर 1965 मध्ये लॅम्बोर्गिनीने तोरिनोत नुसती चॅसी मांडली होती, बॉडीविना. बारा सिलिंडरचं इंजिन मधोमध, तेही आडवं. मार्च 1966 मध्ये जिनिव्हात त्यावर मिउरा उभी होती. गांदिनी 27 वर्षांचा होता.

मग 1970 ची स्ट्रातोस झीरो, शोसाठी बांधलेली. उंची 84 सेंटीमीटर. दार नाहीच, पुढची काच वर उचलून आत शिरायचं. नुच्चो ती स्वतः चालवत लान्चा या मोटार कंपनीच्या कचेरीत गेला आणि गेटवरच्या आडव्या दांडीखालून थेट आत, ही गोष्ट तोरिनोत आजही सांगतात. त्या भेटीतून लान्चा स्ट्रातोस आली, जिने लान्चाला 1974, 1975 आणि 1976 असं सलग तीनदा जागतिक रॅली विजेतेपद मिळवून दिलं. शोमधली गाडी म्हणजे कंपनीने काम मिळवण्यासाठी केलेला अर्ज असतो, हे ध्यानात ठेवा. तुमच्या पोर्टफोलिओतल्या प्रत्येक प्रोजेक्टकडेही याच नजरेने पाहा: हा अर्ज कुणाकडे आहे, आणि त्यांना यातलं काय बनवता येईल?

यासाठीचा उत्तम सराव मी सांगते. बेर्तोनेने 1969 मध्ये 'रनअबाउट' नावाची कॉन्सेप्ट, म्हणजे शोसाठीची नमुना गाडी, केली, छोट्या बोटीसारखी, पाचरीच्या आकाराची. तिचे हेडलाइट बोनेटवर नाहीत, सीटमागच्या रोलबारच्या (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या दांड्याच्या) दोन बाजूंना आहेत. 1972 मध्ये तिच्यातून फिआट एक्स-वन-नाइन निघाली, 1989 पर्यंत चालली आणि तिच्या सुमारे दीड लाख गाड्या झाल्या. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. हेडलाइट खाली उतरले, पुढे आले, आणि वापर नसताना झाकून जाणारे झाले. दारांना खरी काच आली. कडक छप्पर काढून ठेवायला पुढे डिकीत जागा केली. इंजिन आणि गिअरबॉक्स फिआट 128 मधून उचलून सीटच्या मागे ठेवले, कारण ते आधीच लाखोंनी बनत होते. एवढं होऊनही खांद्याची ती रेघ, पुढे झुकलेला तो तोल टिकून आहे. काय गेलं, काय राहिलं आणि प्रत्येक बदल कुणी मागितला, कायद्याने, प्रेसलाइनने की हिशेबाने, हे एका कागदावर लिहून काढा. स्टुडिओतलं रोजचं काम हेच असतं. डिझायनर एक रेघ मागतो, स्टॅम्पिंगवाला म्हणतो एवढा खोल पत्रा फाटेल, आणि दोघांच्या मधे माझ्यासारखी माणसं बसलेली असतात.

माझं काम थोडं जवळून दाखवते. तोरिनोत गाडीचं क्ले, म्हणजे मातीचं, मॉडेल पूर्ण झालं की त्यावर पातळ चंदेरी फिल्म ओली करून चढवतात आणि मॉडेल ट्यूबलाइटच्या लांब रांगांखाली आणतात. दिव्याची रेघ फेंडरवरून दारावर जाताना जिथे थरथरते तिथे क्ले घासायची. शाळेतले मॉडेलर सर स्क्रीनकडे न पाहता त्या रेघेवर बोट ठेवायचे आणि 'क्वी' म्हणायचे, म्हणजे इथे. आज मी तेच एलियास या सॉफ्टवेअरमध्ये झीब्रा पट्टे लावून करते. पृष्ठभागाचे दोन पॅच कडेला नुसते टेकून चालत नाहीत, वक्रतासुद्धा जुळावी लागते, नाहीतर रंग लागल्यावर शोरूममध्ये दोष दिसतो. ज्यांनी हाताने क्ले घासली आहे त्यांना हे पट्टे वाचायला लवकर येतात, असं माझं पक्कं मत आहे. म्हणून कोर्स निवडताना क्लेचं काम किती आहे हे आधी विचारा.

शाळांविषयी थोडक्यात. तोरिनोत आयएएडी आणि आयईडी या खासगी संस्था आहेत, फी जड आहे आणि प्रवेश मुख्यतः पोर्टफोलिओवर. इंजिनीअरिंगची बाजू पकडायची असेल तर पोलितेक्निको दी तोरिनो आहे, सरकारी असल्याने खर्च आवाक्यात येतो. एदिसू पिएमोंते ही प्रादेशिक संस्था घरच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती देते. त्यासाठी उत्पन्नाचे कागद भाषांतरासह लागतात, ते भारतातूनच तयार करून न्या. भारतात शिकायचं तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन केंद्र आहे, त्यासाठी सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचीही वाट आहे, त्यांची परीक्षा वेगळी. इटालियन मात्र जायच्या आधीच शिकायला घ्या. वर्ग इंग्रजीत चालतात, वर्कशॉप नाही.

नोकरीचं म्हणाल तर एक्स्टिरिअर स्केच डिझायनरच्या जागा जगभर मोजक्या असतात. त्याच्या भोवती डिजिटल मॉडेलिंग, क्लास-ए, स्टुडिओ इंजिनीअरिंग, रंग आणि कापड-चामड्याचं काम असं मोठं क्षेत्र आहे. पुण्यात यातलं बरंच काम होतं. टाटा इंडिकाच्या वेळी तोरिनोच्या आयडिया इन्स्टिट्यूटने टाटांसोबत काम केलं आणि गाडी पिंपरीत बनली, तेव्हापासून या दोन शहरांचं नातं आहे.

आता बेर्तोनेचा शेवट, कारण तोही अभ्यासातलाच भाग आहे. पुढची बरीच वर्षं कंपनी जगली ती इतरांच्या कमी खपाच्या गाड्या बांधून: व्होल्वोच्या कूपे, ओपेलच्या उघड्या छपराच्या गाड्या. मोठ्या कंपन्यांच्या लाइन लवचीक झाल्या, एकाच लाइनवर चार प्रकार बनू लागले, आणि बाहेर काम द्यायची गरज संपत गेली. डिझाइनचे स्टुडिओही त्यांनी स्वतःचे उभारले. नुच्चो 1997 मध्ये गेला. ग्रुल्यास्कोचा कारखाना 2009 मध्ये फिआटने घेतला, तिथे पुढे मासेराती बनू लागल्या. 2014 मध्ये उरलेला डिझाइन विभागही दिवाळखोरीत गेला. चित्रं वाईट झाली म्हणून हे घडलं नाही. म्हणून कोणत्याही स्टुडिओत रुजू होताना तिथे पैसा कुठून येतो हे विचारायला लाजू नका. एकाच ग्राहकावर चालणारी जागा असेल तर तेवढं मनात धरून जा.

कंपनीच्या संग्रहातल्या 79 गाड्या इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या महासंघाने, एएसआयने, 2015 च्या लिलावात एकगठ्ठा घेतल्या, म्हणून त्या विखुरल्या नाहीत. तो संग्रह मिलानच्या माल्पेन्सा विमानतळाला लागून असलेल्या वोलांदिया म्युझियममध्ये आहे, आणि वर सांगितलेली रनअबाउट तिथेच उभी आहे. माल्पेन्साहून विमान असेल तर सामान ठेवून सहज जाता येतं. गांदिनीची 1968 ची काराबो ही कॉन्सेप्ट पाहायची तर मिलानजवळच्या आरेझेला अल्फाच्या म्युझियममध्ये जावं लागेल. तोरिनोतलं राष्ट्रीय मोटार म्युझियम शाळा सुरू झाल्यावर निवांत बघा. वोलांदियाला मात्र स्केचबुक, मऊ पेन्सिल आणि मोजमाप टिपायला वही घेऊन जा, आणि निघण्याआधी सुट्टीचा वार पाहून घ्या.