१० मीटरवरून ५० मीटरवर जाताना: रायफलची जुळवाजुळव

एअर रायफलवर हात बसला की पोरांचे डोळे पॉइंट टू टूकडे, म्हणजे ५० मीटरवर चालणाऱ्या .२२ बोअरच्या रायफलकडे, लागतात. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) कांस्य घेतल्यापासून तर विचारूच नका. मग पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "रायफल कुठली घ्यायची?" आन्शुट्झ, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, ब्लाइकर, यांतली कुठलीही बरी ठेवलेली रायफल मुलाच्या पहिल्या काही वर्षांच्या नेमबाजीपेक्षा अचूकच असते. तेव्हा नाव राहू द्या. शिवाय एअर रायफलसारखं हे दुकानातून उचलून आणता येत नाही, शस्त्रपरवाना लागतो. तोवर क्लबच्या रायफलवर सराव करा आणि तिच्याच अंगाने शिकून घ्या.

आधी मापं डोक्यात बसवा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, त्यापुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर रुंद. डेसिमलमध्ये (दशांश गुणांत) ०.१ गुण म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटर. मागची साइट आणि पुढची साइट (नेम धरायच्या खुणा) यांत ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर साइट नुसती ०.१ मिलिमीटर सरकली की टार्गेटवर सहा मिलिमीटरचा फरक पडतो. पुढचं सगळं या हिशोबावर चालतं.

सर्वांत जास्त वेळ आणि पैसा घाला तो बॅरल आणि अ‍ॅम्युनिशनच्या जोडीवर. टेनेक्स, आर-५०, मिडास ही नावं सगळ्यांना पाठ असतात, पण खोक्यावरच्या नावाइतकाच लॉट नंबरही (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) महत्त्वाचा. गोळी २.६ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला साधारण ३२०-३३० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली. दारू भरताना पडलेला बारीकसा फरकही ५० मीटरवर उभ्या रेषेत उमटतो. आमच्या रेंजवर एकाच रायफलमधून एकाच नावाचे दोन लॉट लागोपाठ मारून बघितले होते. पहिल्याच्या दहाही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. दुसऱ्याच्या आठ तशाच, दोन मात्र नवात, दोन्ही खाली. नेमबाज तोच, रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट आवळलेली, वारा पडलेला. पोरगा सामन्यात असता तर त्याने स्वतःच्या ट्रिगरला दोष दिला असता!

लॉट तपासताना एक पथ्य पाळा. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं असतं, त्यामुळे बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या भरकटतात. दहाएक गोळ्या आधी मारून त्या धरू नका, मगच ग्रुप (गोळ्यांच्या खुणांचा पसारा) मोजा. एक ग्रुप चांगला आला म्हणून हुरळून जाऊ नका, तीन-चार घ्या. जो लॉट बसला तो परवडेल तितका एकदम उचला. नंतर तोच नंबर मिळेल याचा काही भरवसा नाही. हे सगळं अ‍ॅम्युनिशन आयातीचं, त्यामुळे सरावाला स्वस्तातलं आणि सामन्याला तपासलेलं, अशी वाटणी बहुतेकांना करावीच लागते. झीरो (गोळी मध्यावर बसते ती साइटची जागा) मात्र दोन्हींचा वेगळा लिहून ठेवा.

दुसरी जुळणी अंगाशी. चीकपीस (गाल टेकायचा भाग) इतकं वर हवं, की गाल ठेवला की डोळा आपोआप डायॉप्टरच्या (मागच्या साइटच्या बारीक भोकाच्या) मध्यावर यावा. मान ताणून भोक शोधावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय. प्रोनमध्ये (पडून) स्लिंगची (हाताला आवळायच्या पट्ट्याची) आणि हँडस्टॉपची (पुढचा हात अडवणाऱ्या तुकड्याची) जागा एकत्र बघा, कारण कोपरापुढचा हात जमिनीशी किमान ३० अंशांत असावा असा नियमच आहे. नीलिंगला (गुडघ्यावर) बटप्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी पट्टी, वेगळ्या जागी जाते, स्टँडिंगला (उभं राहून) आणखी वेगळ्या. स्टँडिंगला स्लिंग चालत नाही, तिथे पामरेस्ट (तळहातावर रायफल टेकवायचा आधार) कामाला येतो. सामन्यात साठ गोळ्या दीड तासात मारायच्या, त्यातच हे बदल करायचे. म्हणून प्रत्येक पोझिशनचे आकडे वहीत हवेत आणि पट्टीवर मार्करची रेघ हवी.

पुढच्या साइटची रिंग (जिच्यात टार्गेटचा काळा गोल धरायचा) नवीन मुलं हटकून लहान घेतात. त्यांना वाटतं, घट्ट बसली म्हणजे नेम पक्का. प्रत्यक्षात काळ्या गोलाभोवती पांढरी कड नीट दिसली नाही, की डोळा त्यातच अडकतो आणि ट्रिगर लांबतो. एक-दोन नंबर मोठी घालून बघा.

अ‍ॅक्शनचे (गोळी भरून झाडणाऱ्या भागाचे) स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळा, दर वेळी तेवढेच. हाताच्या अंदाजाने आवळलेली रायफल प्रवासानंतर वेगळीच वागते, आणि मग घरचे सगळे साइट बदलायला धावतात.

बॅरलच्या तोंडाला लावायचा ट्यूनर (बॅरलची थरथर जुळवणारं वजन), महागडी आयरिस (साइटचं भोक लहान-मोठं करणारी), रंगीत फिल्टर, हे पहिल्या वर्षी घेऊ नका. ट्यूनर तर लॉट बदलला की पुन्हा लावत बसावा लागतो. त्याऐवजी चांगलं जॅकेट घ्या, मापाने शिवलेलं. वाढत्या वयाच्या मुलाला ते लवकरच आखूड होणार, त्याला इलाज नाही. जुनी जॅकेटं मात्र रेंजवरच चांगल्या किमतीला जातात.