कावीळ 'अ': रुग्णाला वेगळं किती दिवस ठेवायचं?

डोळे पिवळे दिसले की घरचे ताट-वाटी वेगळी करतात. खरं तर तोवर बराच उशीर झालेला असतो. कावीळ 'अ' म्हणजेच हिपॅटायटिस ए, त्याचा विषाणू शौचातून सर्वाधिक बाहेर पडतो तो कावीळ दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांत.

डोळे पिवळे दिसले ती तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून पुढे सात दिवस शाळा, नोकरी आणि मुख्य म्हणजे स्वयंपाक बंद. तान्ही मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण जास्त दिवस विषाणू टाकतात. त्यांचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बिलिरुबिन (रक्तातलं पिवळेपणा आणणारं द्रव्य) उतरायची वाट पाहू नका, पिवळेपणा पुष्कळदा संसर्गापेक्षा जास्त टिकतो. आयजीएम चाचणीही (या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते, म्हणून ती पुन्हा करून काही कळत नाही.

हात साबणाने वीस सेकंद धुवा, नखांखालीसुद्धा; सॅनिटायझरवर भिस्त नको. संडासाची कडी, नळ, फ्लशचं बटण ब्लीचच्या पाण्याने पुसा (एक भाग ब्लीच, शंभर भाग पाणी). पिण्याचं पाणी खळखळून उकळा, नुसतं कोमट करून भागत नाही.

घरातल्या इतरांना लस द्यायची तर संपर्कानंतर चौदा दिवसांच्या आत.